गोगलगाईंची पंगत

मुलांनो, धाकटे आजोबा देवळीतलं आपल्या शेजारचं घर बंद करून नागपूरला मुलाकडे का गेले, असं तुम्ही परवा फोनवर विचारलंत. गुडघ्यांमुळे, एवढंच मी म्हटलं. पण माणूस सांगायचा राहिलाच, म्हणून हे लिहिते आहे.

गोगलगाईंना पाटावर बसवून वाढणारा माणूस साऱ्या वर्धा जिल्ह्यात एकच झाला, तो म्हणजे माझे हे धाकटे दीर. पावसाळ्यात ते रोज सकाळी शेतातून बिनशंखाच्या गोगलगाई डब्यात भरून आणत, ताटात सोडत आणि त्यांच्यापुढे सोयाबीन, झेंडू, अडुळसा, ओवा अशी पानं मांडत. कोणी काय खाल्लं, कशाकडे पाठ फिरवली, याची वहीत नोंद होई. ते ताट माझ्या रुखवतातलं आहे, हे मला तिसऱ्या पंगतीला कळलं. गोगलगाईंनी टाकलेलं पान ते स्वतः चावून बघत आणि मग जेवताना माझ्या वरणाला कडू म्हणत.

"झाडाले पाय नाईत, वहिनी," ते मला समजावत. "पळता येत नाई, म्हणून ते पानात कडू भरून ठेवते. तेच आपण सोयाबीनवर शिंपडाचं."

चार वर्षांपूर्वी गोगलगाईंनी कोवळं सोयाबीन ओळीच्या ओळी फस्त करायला सुरुवात केली. दीरांचा मुलगा विषारी गोळ्या घेऊन आला. बांधावर मोर येतात म्हणून दीरांनी त्याला अडवलं. शेवटी मुलानं आठ दिवस दिले. तेवढ्यात पीक सावरलं नाही, तर पुढच्या वर्षी शेत मक्त्यानं दुसऱ्याला कसायला द्यायचं. पेरणीवाचून पावसाळा कसा काढतात, हे दीरांना ठाऊक नव्हतं.

त्यांनी ओव्याची पानं आणि लसूण ठेचून मोठ्या गंजात उकळायला ठेवलं. त्यांचा खोकला साऱ्या गल्लीला परिचित. माझ्या जावेनं काढा पाहिला आणि मायेनं त्यात गुळाचा मोठा खडा सोडला. संध्याकाळी दीरांनी विहिरीकडच्या अर्ध्या शेतावर तो फवारला. सकाळी तिथे नुसत्या काड्या उरल्या होत्या. शेजारच्या शेतातल्या गोगलगाईसुद्धा जेवून गेल्या असाव्यात. दीरांनी गंजाच्या तळाला बोट लावून चाटलं आणि बायकोकडे बघितलं.

"काऊन, गूळ कमी झाला का?" तिनं विचारलं.

"नाई वं. बरोबर झाला."

पुढचे दिवस ते नव्या काढ्याची राखण करत चुलीजवळ स्टूल टाकून बसले. उरलेलं अर्धं शेत वाचलं आणि मुलानं मक्त्याचा विषय काढला नाही.

यंदा तो विषय गुडघ्यांनी काढायला लावला. मक्त्याच्या कागदावर दीरांनी सही केली. फक्त विहिरीजवळचा एक पट्टा त्यांनी दिला नाही. त्यावर मी आठवड्यातून दोनदा काढा फवारते. तिथलं सोयाबीन उभं आहे.