टिपरीचं काम कोण करतं?

ज्या जागेत दिवसभर गप्प बसावं लागतं, तिथे किस्से जास्त साठतात. लाल दिवा लागला की श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा, आणि दिवा विझला की आत अडलेलं सगळं चहाबरोबर बाहेर पडायचं. आमचा डबिंग स्टुडिओ नारायण पेठेत होता तेव्हाच्या या गोष्टी. आता आम्ही खराडीत आहोत. काचेची इमारत, गुबगुबीत भिंती, बाहेर काय वाटेल ते होवो, आत काही ऐकू येत नाही. पण इथे आल्यापासून सांगण्यासारखं काही घडतच नाहीये! म्हणून मग जुनेच किस्से निघतात, आणि दर वेळी थोडे वाढतात.

माझी शाळा-कॉलेजं सगळी परदेशात झाली. ॲनिमेशनच्या सिनेमांना आवाज कसा द्यायचा हे रीतसर शिकून मी पुण्यात परत आले, ते एकच भुंगा डोक्यात घेऊन. पडद्यावर खार दिसते, अस्वल दिसतं, पण त्यांच्यात जीव घालणारा माणूस नट असतो, आणि त्याला नटाचा मान मिळाला पाहिजे. पहिल्याच दिवशी मी स्टुडिओतल्या सगळ्यांना बसवून यावर तासभर बोलले. हातवारे करून, डोळ्यांत पाणी आणून.

सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग ध्वनिमुद्रण करणारे बापू म्हणाले, "मॅडम, लई भारी बोलला. पण माईक बंद हाय."

*

स्टुडिओत कडक, आवाज करणारे कपडे चालत नाहीत. माईकला सगळं ऐकू येतं. बांगड्या दाराशी डब्यात ठेवायच्या, चपला बाहेर, साडी धुवून धुवून मऊ झालेली. हा आमचा शिरस्ता होता.

कांबळेकाका तो एकदाच विसरले. काका सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. राजे, राक्षस, अस्वलं आणि सिंह हा त्यांचा प्रांत. "ऑफिसात साहेबावर कधी आवाज चढवला नाही, तो सगळा शिल्लक होता," असं म्हणायचे. त्या दिवशी संध्याकाळी त्यांना बुद्धजयंतीच्या कार्यक्रमात बोलायचं होतं, म्हणून स्टार्चचा पांढराशुभ्र सदरा घालून आले. राज्याभिषेकाचा सीन सुरू झाला. काकांनी छाती भरून श्वास घेतला आणि सदरा करकरला!

"काका," बापू हेडफोन काढून म्हणाले, "तुमच्या आधी सदराच बोलतोय."

काकांनी सदरा काढला, हँगरला नीट लावला आणि बनियनवर राज्याभिषेक करून घेतला. नेमके त्याच वेळी निर्माते आले. काचेतून बघतात तर बनियन घातलेला एक गृहस्थ, अनवाणी, हात उंचावून उभा.

"अहो, राजा अजून आला नाही का?" त्यांनी विचारलं.

"आलाय की," बापू म्हणाले. "सदरा वाळत घातलाय त्याचा."

*

स्टुडिओच्या खाली पिठाची गिरणी होती. गिरणी सुरू झाली की वरची फरशी थरथरायची आणि काम बंद पडायचं. गिरणीवाले शेंडगे यांना मी विनंती करायला गेले. चित्रपट ही सामूहिक कला आहे वगैरे समजावलं. शेंडग्यांनी गहू चाळता चाळता ऐकलं आणि म्हणाले, "तुमचा सिंह थांबू शकतो. गहू घेऊन माणसं रांगेत उभी आहेत."

तेव्हापासून गिरणी थांबली की आमचा सिंह बोलायचा. आमचे आवाज जिन्यातून खाली जायचेच. एखादी नवी गिऱ्हाईकबाई दचकून विचारायची, "वर मारामारी चाललीय का हो?" त्यावर शेंडगे मान वर न करता म्हणायचे, "रोजचंच आहे. दळण किती?"

सिंहाच्या मृत्यूचा सीन मात्र अवघड होता. म्हाताऱ्या सिंहाचा श्वास हळूहळू संपतो, शब्द जवळपास नाहीतच. काका म्हणाले, उभ्यानं मरता येणार नाही. बापूंनी माईक खाली जमिनीजवळ आणला, काका आडवे झाले आणि जे काही त्यांनी केलं ते ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. शेवटचा श्वास सुटणार, इतक्यात दार धाडकन उघडलं. पिठानं माखलेले शेंडगे पाण्याचा तांब्या घेऊन आत!

"कांबळे! कांबळे, काय होतंय?"

मरता मरता काकांनी एक हात वर केला आणि बोट ओठांवर ठेवलं.

तो मृत्यू अर्थातच परत घ्यावा लागला. दुसऱ्या वेळी काका तेवढे चांगले मेले नाहीत.

*

आता मंदाताई. त्या महापालिकेच्या शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवून निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. मूर्ती लहान, केस पांढरे, बोलणं मोजकं आणि धारदार. आमच्या सिनेमातली टिपरी नावाची खारीची पोर म्हणजे मंदाताई. काचेपलीकडे बघितलं नाही तर आत सहा वर्षांची मुलगी आहे, अशी कोणीही पैज लावावी.

एकदा रेकॉर्डिंगच्या मधल्या सुट्टीत त्यांना बँकेतून फोन आला. मंदाताई अजून टिपरीतून बाहेर आलेल्या नव्हत्या.

"हॅलो, कोन बोलतंय?"

"बाळा, आईला दे फोन," बँकेतला मुलगा म्हणाला.

"आईला जाऊन खूप वर्षं झाली."

पलीकडून अगदी हळू आवाजात, "सॉरी हं बाळा. मग घरात मोठं कोणी आहे का?"

मंदाताईंनी घसा खाकरला आणि स्वतःच्या आवाजात म्हणाल्या, "मीच मोठी. बोला."

त्यानं फोन ठेवून दिला. त्यानंतर त्या बँकेचा फोन कधीच आला नाही. मंदाताई म्हणतात, एवढी स्वस्त युक्ती दुसरी नाही.

*

संकष्टी होती. मंदाताईंचा उपवास होता आणि सीन नाजूक होता. टिपरी आईला शोधत रानात एकटी बसलेली. सगळे श्वास रोखून ऐकतोय, आणि ऐन शांततेत मंदाताईंचं पोट बोललं. चांगलं लांबलचक, शेवटी प्रश्नचिन्ह असल्यासारखं.

"कट!" बापू ओरडले. मग त्यांनी तो तुकडा पुन्हा लावून ऐकला. पुन्हा ऐकला. "ताई, हे टाकून देववत न्हाय हो."

सिनेमात हिवाळाभर झोपलेलं अस्वल जागं होतं, तेव्हा त्याच्या पोटातून जी गुरगुर येते ती मंदाताईंची संकष्टी आहे.

चहा पिताना मी नेहमीप्रमाणे पुरस्कारांवर बोलत होते. आवाजाच्या अभिनयाला विभागच कसा नाही, जगात कुठे काय चाललंय, वगैरे. मंदाताई बशीत चहा ओतत म्हणाल्या, "आवाजाला नाही तर नाही. पोटाला आहे का बघ."

सगळे हसले. त्यांच्या तोंडून असंच यायचं. पण जाताना, बांगड्या हातात चढवता चढवता, त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "काल हळदीकुंकवाला वहिनींनी माझी ओळख करून दिली. म्हणाल्या, आमच्या मंदावन्सं सिनेमात आवाज काढतात." एक बांगडी अडली. ती सरकवून म्हणाल्या, "आवाज कावळाही काढतो गं. मी काम करते. एकदा कोणीतरी चारचौघांत एवढं म्हणावं."

त्या दिवशी मी ठरवलं. हे म्हणवून घ्यायचंच.

*

पुण्यातल्या एका चित्रपट पुरस्काराच्या कार्यालयात मी गेले. सोबत टिपरीचा सिनेमा. तिथल्या गृहस्थांनी चष्मा कपाळावर सरकवून सगळं ऐकून घेतलं.

"हे पहा, पार्श्वगायन आहे. नृत्यदिग्दर्शन आहे. केशभूषा आहे. आवाज... आवाज काय, सगळ्यांनाच असतो."

"पण हा अभिनय आहे!"

"असेल. आपल्या खारीची केशभूषा कोणी केली असेल तर तेवढं पाठवा."

मी ठरवलं, विभाग नसेना, सिनेमा तर पाठवता येतो. कलाकारांच्या रकान्यात टिपरीपुढे मंदाताईंचं नाव घातलं, प्रवेशिका देऊन टाकली आणि पुढे कामात गुंतले.

काही आठवड्यांनी फोन आला. अतिशय गोड आवाजातली एक मुलगी.

"अभिनंदन! तुमच्या कुमारी मंदाला उत्कृष्ट बालकलाकाराचा पुरस्कार आहे. येताना शाळेचा दाखला आणायला सांगा. आणि प्लीज, पालकांपैकी एकालाच प्रवेश आहे हं."

स्टुडिओत येऊन मी सगळ्यांना सांगितलं. कांबळेकाका असे गडगडाटी हसले की खालून शेंडगे ओरडले, "आज कोण आहे? राक्षस का?"

मी म्हटलं, आता गप्प राहायचं! मंदाताई स्टेजवर गेल्या की सगळ्यांसमोर त्या पुरस्कारवाल्यांचं तोंड बंद होईल! तिथेच मागणी करायची, आवाजाच्या अभिनयाला विभाग हवा! मला भाषणही सुचायला लागलं होतं.

मंदाताई मऊ आवाजात म्हणाल्या, "कुमारी बरोबर आहे त्यांचं. बाल तेवढं खोडायला सांग."

"अहो ताई, पण ही संधी..."

"त्या विभागात एखादं खरंखुरं लेकरू असेल. घरी नवा फ्रॉक शिवून झाला असेल. मी पहिलीचा वर्ग सांभाळलाय. पोरांचं बक्षीस घेत नाही मी."

*

परीक्षक समितीचे अध्यक्ष ज्येष्ठ, सभ्य माणूस. त्यांच्या घरी आम्ही तिघं गेलो. मंदाताई, मी आणि बापू. बापू लोणी काळभोरहून मोटारसायकलवर थेट आले होते आणि घरचे पेरू घेऊन आले होते, का ते कोणालाच कळलं नाही.

मंदाताईंना बघून अध्यक्षांचा विश्वासच बसेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पेरूंकडे बघितलं. शेवटी मंदाताई टिपरीच्या आवाजात म्हणाल्या, "आजोबा, मीच आहे हो."

अध्यक्ष खुर्चीत मागे टेकले. बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"मंदाताई, आपली क्षमा मागतो," ते म्हणाले. "बालकलाकाराचा पुरस्कार आता आम्हाला बदलावा लागेल."

"बदलाच. तेच सांगायला आले."

"आणि अभिनयाच्या इतर विभागांत आपल्याला घेता येत नाही. आमची अडचण समजून घ्या. नियम असा आहे की अभिनय पडद्यावर दिसला पाहिजे. आपण तर कुठे दिसतच नाही."

मी उसळून उठणार, तेवढ्यात मंदाताईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"बरोबर आहे आपलं," त्या म्हणाल्या. "एवढंच विचारते. आपण सगळ्यांनी मिळून ज्या मुलीला बक्षीस दिलंत, ती कोणाला दिसली होती?"

घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. बापू नंतर म्हणाले, तेवढी स्वच्छ शांतता त्यांना उभ्या नोकरीत रेकॉर्ड करायला मिळाली नव्हती.

अध्यक्ष आम्हाला सोडायला फाटकापर्यंत आले. "मला समितीशी बोलू द्या," एवढंच म्हणाले. पेरू ठेवून घेतले.

*

समारंभाचं आमंत्रण आलं, पण कशासाठी ते त्यावर नव्हतं. मी घाबरले होते. "तांत्रिक साहाय्य" असं काहीतरी म्हणून शाल देतील आणि मंदाताई ती घेऊन शांतपणे घरी जातील, या विचारानं मला रात्रभर झोप नव्हती. कांबळेकाका या वेळी मऊ सदरा घालून आले. शेंडगे गिरणी बंद ठेवून आले.

बालकलाकाराचा पुरस्कार एका चिमुरड्या मुलीला मिळाला. नवा फ्रॉक, दोन वेण्या. तिच्यासाठी स्टँडवरचा माईक पार खाली घेतला. तिनं आईचे आणि बाईंचे आभार मानले. मंदाताईंनी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या.

मग निवेदकांनी कागद बदलला. "आणि यंदाचा विशेष पुरस्कार, अभिनयासाठी. टिपरी या भूमिकेत काम केलेल्या..."

पुढचं नाव मला ऐकूच आलं नाही. काका माझा दंड धरून हलवत होते.

मंदाताई स्टेजवर गेल्या. अध्यक्षांनी हातात मानचिन्ह दिलं आणि दोन शब्द बोलायची विनंती केली. माईक अजून त्या लहान मुलीच्याच उंचीवर होता. आता, आमच्याकडे आवाज देणारा माणूस माईकला कधी हात लावत नाही. ते काम ध्वनिमुद्रकाचं. मंदाताई तशाच उभ्या राहिल्या. निवेदक त्यांच्याकडे बघतायत, त्या माईककडे बघतायत. सभागृहात कुजबुज सुरू झाली. बापू माझ्या शेजारी खुर्चीतून अर्धे उठले.

मंदाताईंनी पदर खोचला आणि सरळ माईकपुढे मांडी घालून बसल्या. मानचिन्ह मांडीवर घेतलं. विंगेतून ती वेण्यांवाली मुलगी डोकावून बघायला लागली.

आणि माईकमधून सहा वर्षांचा आवाज आला:

"नमस्कार. मंदाबाईंना आज यायला जमलं नाही. त्यांच्या वतीनं हा पुरस्कार मी घेते."