चाकातल्या अक्षता

धारहून पुतण्याचा फोन आला तेव्हा मी देवासला माझ्या खोलीत शेंगा सोलत बसले होते. "आत्या, बाबा गेले..." एवढंच तो म्हणाला. फोन ठेवला आणि राहिलेल्या शेंगा सोलून टाकल्या. का, ते मला अजून कळलेलं नाही. मग मात्र भडभडून आलं. दादाला जाऊन आता महिना होत आला, आणि त्याच्याबद्दल एक गोष्ट आहे जी मला सांगायलाच हवी.

आमचे वडील धारच्या संस्थानी मोटारखान्यात ड्रायव्हर होते. संस्थान विलीन झालं, मोटारखाना मोडला, आणि पुढच्याच वर्षी वडीलही गेले. दादा तेव्हा जेमतेम विशीचा. त्याला सडकेच्या कामावर देखरेखीची नोकरी लागली. बदनावर, राजगढ अशी सारखी फिरती असायची, म्हणून त्यानं महूच्या छावणीतून निघालेली एक जुनी फौजी मोटारसायकल घेतली. तेव्हाच्या सडका म्हणजे गुडघाभर फुफाटा. आठवडाभर फिरून आला की रविवारी तो अंगणात जुनं धोतर पसरायचा आणि गाडीची चाकं उतरवायचा. बेअरिंगमधले छर्रे एका पितळी वाटीत घासलेटात भिजत पडायचे. तेवढा वेळ अंगणात केरसुणी फिरवायची कुणाची बिशाद नव्हती. धुतलेला छर्रा तो दोन बोटांत चोळून बघे. किंचित जरी खरखर लागली तरी पुन्हा घासलेटात. जुन्या ग्रीसवर नवं ग्रीस त्यानं कधी चढवलं नाही. तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन तो बेअरिंगमध्ये असा दाबायचा की दुसऱ्या बाजूनं बाहेर यावा. मग पुढचं चाक धरणारा चिमटा, त्याची स्प्रिंग, सगळ्याला पिचकारीनं ग्रीस. शेवटी चाक अधांतरी फिरवून कान लावून बसायचा. आई म्हणायची, "याला बायको आणायला नको, याचं लग्न झालेलंच आहे."

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असे. आमचे पूर्वज धारकरांच्या फौजेबरोबर आले, तेव्हा तलवारी असतील. वडिलांच्या वेळी पाटावर पाने-हातोडे आले, आणि दादाच्या वेळी मोटारसायकलचं पुढचं चाक. ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी त्यानं ते स्वच्छ करून, ग्रीस भरून, बेअरिंग असलेल्या मधल्या हबचं झाकण न लावता पाटावर आडवं ठेवलं आणि तो आंघोळीला गेला. पूजेला बसवलेलं दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, म्हणून चाक दसऱ्यालाच गाडीला चढणार होतं, आणि झाकणही तो तेव्हाच लावणार होता. आईनं मनोभावे पूजा केली. हळदकुंकू वाहिलं, अक्षता वाहिल्या. त्या ग्रीसवर चिकटून बसल्या. पूजेच्या अक्षता उद्या खाली सांडून पायाखाली येतील, असं मनात येऊन तिनं त्या बोटानं हळूच आत दाबल्या आणि वरून ग्रीस सारखं केलं. मी तिथंच फुलं निवडत होते. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. दसऱ्याला दादानं ते गुळगुळीत ग्रीस बघून झाकण बसवलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मला देवासला मुलींच्या शाळेत मुलाखतीला जायचं होतं. ही नोकरी मिळाली नाही तर दिवाळीनंतर मामानं ठरवलेल्या स्थळाशी लग्न, असं घरात ठरून गेलेलं. स्थळ बिजवर होतं. पहाटेच दादाच्या मोटारसायकलवर निघालो. इंदूर मागे पडलं आणि पुढचं चाक कर्रकर्र वाजू लागलं. क्षिप्रेच्या अलीकडे दादानं गाडी थांबवली.

"अरे चल ना रे, देवास आलंच आता!" मी रडकुंडीला आले होते.

"हबला हात लाव बरं कुमे."

लावला, आणि चटका बसला.

"असंच नेलं तर चाक जाम होईल भिया, दोघं तोंडावर पडू. बैठ जा सावलीत."

भिया म्हणजे आमच्याकडचं 'भाऊ', पण तो मलाही लाडानं भियाच म्हणायचा. त्यानं चाक उतरवलं, झाकण काढलं. आतलं ग्रीस विटकरी झालं होतं. बोटांवर चोळलं तर तांदळाचा चुरा. तांदूळ बघून त्याला सगळं उमगलं. मी जे पाहिलं होतं ते सांगितलं. माझा जीव टांगणीला लागलेला, आणि हा बाटलीतल्या घासलेटात एकेक छर्रा धूत बसला! तेव्हा मला त्याचा इतका राग आला होता की बोलायची सोय नाही. सगळं पुन्हा भरून झाल्यावर हात पुसत तो म्हणाला, "आईला यातलं काही कळायला नको. समझली?"

पोहोचलो तेव्हा शाळेत मुख्याध्यापिका तेवढ्या उरल्या होत्या, त्याही निघालेल्या. दादा काळ्या हातांनीच पुढे झाला. "बाई, चूक माझी आहे. चाक मी नीट बसवलं नव्हतं. त्याची सजा हिला देऊ नका." बाईंनी त्याच्या हातांकडे पाहिलं आणि पर्स परत टेबलावर ठेवली. मला आत बोलावून त्यांनी गणितं घातली, कविता म्हणवून घेतली. नोकरी मिळाली. माझं पुढचं सगळं आयुष्य त्या दुपारवर उभं आहे.

घरी आईनं उशिराचं कारण विचारलं तर त्यानं तेच सांगितलं. "एवढा मेला घासतोस पुसतोस, आणि ऐन वेळी चाक बसवता येईना होय रे!" असं म्हणून आई हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. वडील गेल्यापासून तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. दादानंही पाहिलं असणार. कारण पुढे ती गोष्ट तोच सांगू लागला, दरवेळी थोडं तिखटमीठ लावून. गावात मित्र विचारायचे, "क्यों भिया, चाक ठीक से बैठाया ना?" ज्याला आपल्या कामाचा एवढा अभिमान, त्याला हे लागत नसेल असं कसं म्हणू? पुढच्या खंडेनवमीलाही, आईला संशय येऊ नये म्हणून, त्यानं हब उघडाच ठेवला. आईनं अक्षता दाबल्या. दसऱ्याला परसात जाऊन त्यानं सगळं पुन्हा धुतलं. आई होती तोवर दरवर्षी.

तेराव्याला जेवणं झाल्यावर कुणीतरी ती चाकाची गोष्ट काढलीच. सगळे हसले. माझ्यानं राहवेना, मी तोंड उघडलं, तेवढ्यात वहिनीनं माझा हात दाबला. नंतर मला परसातल्या पडवीत घेऊन गेली. म्हणाली, "वन्सं, मला लग्नानंतरच्या पहिल्याच दसऱ्याला कळलं होतं. घासलेट मीच तर आणून द्यायचे. एकदा म्हटलं, सांगून टाका ना आता आईंना. तर म्हणाले, मग ती हसेल कशावर?"

पडवीच्या दाराच्या चौकटीवर त्याच्या तळव्याचा काळा ठसा आहे. ग्रीसच्या हातानं तिथं टेकून तो उठायचा. यंदा रंगारी आला तेव्हा वहिनीनं त्याला सांगितलं होतं, "भिया, एवढी जागा छोड देना." मी दोघींसाठी चहा ठेवायला आत गेले. ती तिथंच, चौकटीपाशी बसून राहिली.