पांडूदादांचं जर्मन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, माझ्या जर्मन क्लासमधल्या मुलांना तर नाहीच. त्यांना मी नेहमी ऐकवत आले — माझं जर्मन माझ्या कष्टाचं आहे. ते खोटं नव्हतं. पण पुरतं खरं होतं का?

मी ठाण्याच्या नौपाड्यातली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कोलशेतच्या एका कंपनीने दुकानांसाठी जर्मनीहून गल्ल्याची मशिनं आणली. सोबत कॅशियरसाठी जाडजूड नियमपुस्तिका. तिचं इंग्रजी करायचं काम माझ्याकडे आलं. जर्मनमध्ये मी पहिली आलेली. व्याकरणाला कधी घाबरले नाही, आजही घाबरत नाही. पण दुकानातलं जर्मन — ते मला कुणी शिकवलं होतं?

'कासेनश्टुर्त्स'. शब्दशः, गल्ल्याचं पडणं. 'आबशोप्फुंग' — डिक्शनरीत, दुधावरची साय काढणं. आता गल्ल्यावर कसली साय?

आमच्याकडे चेंदणी कोळीवाड्यातून हौसाबाई मासे घेऊन यायच्या. टेबलावरची पुस्तकं बघून त्या एकदा म्हणाल्या, "बाय, आमचे घरचे बोलतान ही भाषा."

त्यांचे यजमान पांडूदादा. बारा वर्षं एका जर्मन प्रवासी बोटीवरच्या दुकानात गल्ल्यावर बसलेले, पाय अधू झाला म्हणून घरी परतलेले. मी वही घेऊन गेले. दादांनी ओट्यावर पत्र्याचा डबा पालथा केला — "ह्यो कासेनश्टुर्त्स! गल्ला उलटा कराचा, मोजाचा, कागदाशी जुलवाचा." आणि साय म्हणजे — नोटा फार साठल्या की साहेब मधेच येऊन वरच्या उचलतो, पावती ठेवतो, तिजोरीत नेतो. चोराच्या हाती फार लागू नये म्हणून. सहा रविवार गेले मी. मी पैसे द्यायला लागले तर दादा हसले.

पुस्तिका छापली. वर माझं नाव. कंपनीतल्या बैठकीत जर्मनीहून आलेले साहेब म्हणाले, इतके नेमके शब्द दुकानात वावरल्याशिवाय सुचत नाहीत, कुठे शिकलात? मी जराही न अडखळता सांगितलं — एका सुट्टीत हॅम्बुर्गला होते, दुकानांत उभं राहून बघितलं. हॅम्बुर्ग! माझ्याकडे पासपोर्टसुद्धा नव्हता.

इथवरच असतं तर मी हे लिहायला बसले नसते. पण त्याच बैठकीत मॅनेजरनी विचारलं — कॅशियरना शिकवायला गल्ल्यावर बसलेला माणूस हवाय, बसून काम, पगार चांगला, ओळखीत कुणी? आणि दोनच महिन्यांपूर्वी दादा मला म्हणालेले, "बाय, कंपनीन काम असला तं माझा नाव सांग."

"नाही हो," मी म्हणाले. "असं ठाण्यात कोण असणार?"

का म्हणाले? ते आले असते तर पहिल्याच दिवशी माझं हॅम्बुर्ग बुडालं असतं. हो, पण तेवढंच नाही. सातवी शिकलेला माणूस चारचौघांत मला दुरुस्त करेल — हे मला नको होतं. हे जास्त खरं आहे.

दादांना मी सांगितलं, कंपनीला ग्रॅज्युएट हवेत. ते म्हणाले, "बरोबर हाय त्यांचा." मग पुस्तिकेची एक प्रत मागितली. बोट फिरवत फिरवत कंसात ठेवलेले आपले जर्मन शब्द शोधले, हौसाबाईंना दाखवले. त्यांनी विचारलं, "तुमचा नाव कुठं हाय?" दादा म्हणाले, "लिवला बायनं. नाव तिचाच असनार." मी तिथेच बसले होते. तेव्हा तरी बोलता आलं असतं ना? मी चहा संपवला आणि घरी आले.

कंपनीने बाहेरगावचा माणूस आणला. मला भाषांतराला आणखी तीन पुस्तकं मिळाली, क्लास वाढला. दादा एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन लागले, त्या पायावर दिवसभर उभे. क्लासला जायचा माझा रस्ता तोच. रिक्षा दिसली की ते हात वर करून ओरडायचे, "गुटेन मोर्गन, बाय!" सात वर्षं. मी हसून हात करायचे. रिक्षा एकदाही थांबवली नाही.