श्रावण सोमवारची मासेमारी

तुळजापुरातल्या आमच्या हळदी-कुंकवाच्या दुकानात दुपारी गिऱ्हाईक कमी असतं. तेव्हा मी मोबाइलवर गेम लावून ठेवतो. त्यातला माझा गडी तळ्याकाठी उभा राहून आपला आपण मासे धरतो आणि त्याचं कौशल्य वाढत जातं. मधूनमधून पडद्याला बोट तेवढं लावायचं, नाहीतर तो थांबतो.

एका श्रावण सोमवारी जेवायला जाताना बोट लावायचं काम मी आप्पांवर, म्हणजे वडिलांवर सोपवलं. आम्ही लिंगायत, घरात अंडंसुद्धा येत नाही, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. परत येऊन बघतो तर गडी रिकामा उभा.

"आप्पा, बोट न्हाय लावलं तुम्ही?"

"श्रावण सोमवारी माझ्या बोटानं मासे धरायचे व्हय?"

मी समजावलं, की मासे खोटे आहेत. गडी नुसता एका जागी थांबून हुशार होतो, एवढाच खेळ आहे.

आप्पांनी माझ्याकडं चष्म्यावरून शांतपणे बघितलं.

"एका जागी थांबून हुशार होतो म्हणं. तू इतकी वर्षं या गादीवर बसलायस, तरी तू बांधलेली कुंकवाची पुडी गिऱ्हाइकाच्या हातात सुटतीच की."