अपर डॅम, आउट

मार्च २००६. ओहायोच्या दक्षिणेकडच्या टेकड्यांत सैन्यातल्या आमच्या इंजिनिअर कंपनीचा, म्हणजे तुकडीचा, मुक्काम होता. मी तेव्हा स्पेशलिस्ट सुधीर गायकवाड, वय बावीस. अमेरिकन जिभेला गायकवाड पेलत नसे, म्हणून सगळे मला नुसतं 'वॅड' म्हणत. आम्ही मूळचे नागपूरचे. बाबांच्या आयटीच्या नोकरीपायी ओहायोतल्याच डब्लिन गावी आलो. मी भरती झालो तेव्हा आई म्हणाली होती, "अरे, सगळ्यांची मुलं सॉफ्टवेअरमध्ये जॉब करतायत, आणि तू फावडं घेऊन चाललास?" तिचं फारसं चुकलं नव्हतं. त्या महिन्यात आमचा शत्रू होता बीव्हर नावाचा प्राणी.

बीव्हर म्हणजे घुशीचा थोरला भाऊ समजा. वीस-पंचवीस किलोचा, नारिंगी दातांचा, शेपटी थापीसारखी चपटी. दातांनी झाडं पाडतो, फांद्या आणि चिखलाचा बांध घालून ओढा अडवतो आणि त्या तळ्यात घर करतो. घराचं दार पाण्याखाली, म्हणजे लांडग्याला आत वाट नाही. एकेकाळी टोप्यांसाठी माणसांनी त्याला इतकं मारलं, की त्या राज्यात तो औषधालाही उरला नव्हता. पुढे तो परतला आणि नेमकी आमच्या गोळीबाराच्या रेंजकडे जाणाऱ्या रस्त्याखालची मोरी बुजवू लागला. आम्ही दिवसा उपसायचो, तो रात्रीत भरायचा.

"त्याला वाहत्या पाण्याचा आवाज सहन होत नाही," सार्जंट मर्डॉक म्हणायचे. "आवाज आला की तो भोक बुजवणारच. आपण त्याच्या घरात नळ उघडा ठेवतोय, वॅड."

सापळे लावा, असं बाकीचे म्हणत. सार्जंट ऐकत नसत. मोरीतून तळ्यात जाळीचा पाइप टाकायचा, म्हणजे पाणी आवाज न करता जाईल, तोही राहील आणि रस्ताही राहील, असा त्यांचा बेत होता. त्यासाठी मोरीत शिरून माप घ्यायचं होतं.

आदल्या रात्री धो धो पाऊस झाला. ओढ्यावर बीव्हरचे एकामागे एक तीन बांध होते. सगळ्यांत वरचा मैलभर दूर, जुना आणि मोठा. तो फुटला तर खालचे दोन टिकणार नाहीत, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. ०६३० ला सार्जंटनी प्रायव्हेट हॅस्केलला तिकडे नजर ठेवायला पाठवलं. हुकूम दोनच. पोहोचलास की कळव. पाणी बांधावर चढलं की कळव. तो पोहोचेपर्यंत मोरीत कोणी जायचं नाही.

सार्जंट कमरेला दोर बांधून मोरीच्या खालच्या तोंडाशी उभे राहिले. मी वर रस्त्यावर. दोराचं दुसरं टोक आणि रेडिओ माझ्या हातात.

०७१२. रेडिओ खरखरला. "टू, धिस इज फोर... अपर डॅम... आउट." टू म्हणजे आम्ही, फोर म्हणजे हॅस्केल.

रेडिओवर 'आउट' म्हणजे बोलणं संपलं. सैन्याने मला या शब्दाचा तेवढाच अर्थ शिकवला होता.

"हॅस्केल अपर डॅमवर पोहोचला, सार्जंट!" मी ओरडून सांगितलं.

"गुड," म्हणत ते आत शिरले.

०७१९ ला समोरच्या तळ्यात हालचाल दिसली. दोन मोठे बीव्हर आणि एक पिल्लू पाण्याबाहेर पडून काठ चढत होते. धोका दिसला की बीव्हर शेपटी आपटून पाण्यात बुडी मारतो, हे सार्जंटनीच मला शिकवलं होतं. हे तर पाणी सोडून पळत होते. मी रेडिओ दाबला.

"फोर, से अगेन!"

"द डॅम इज आउट! इट्स गॉन! गेट हिम आउट!"

हॅस्केल शेतकऱ्याच्या घरातला. त्याच्या गावाकडे बांध वाहून गेला तरी 'आउट'च म्हणतात. तो सात मिनिटं तेच सांगत होता, पण मधल्या टेकडीने त्याचा आवाज अडवला होता.

मी दोर ओढू लागलो. आयुष्यात इतका कधी घाबरलो नव्हतो. दोर आतल्या फांद्यांत अडकला. वरून ट्रक यावा तशी घरघर आली आणि तळं एकदम फुगलं. ०७२१ ला पायाखालचा रस्ता हलला आणि मोरीतलं बूच निघालं. नंतर मी काठावरच्या चिखलात होतो, आणि रस्ता होता तिथे पाणी होतं.

सार्जंट ०९४० ला सापडले, ओढ्याच्या खालच्या वळणावर.

चौकशीत हॅस्केल म्हणाला, चूक त्याची. मी म्हणालो, माझी. कागदावर ती पावसाच्या नावे लागली.

अंत्यविधीनंतर सार्जंटची बायको, रूथ, माझ्याजवळ आली. तिने एकच विचारलं, "त्याला कळलं होतं का?"

"नो, मॅम," मी म्हणालो. "सगळं एका क्षणात झालं."

तिने माझा हात दाबला आणि थँक यू म्हणाली. मी खोटं बोललो होतो. मोरीतून "वॅड, पुल!" अशी हाक दोनदा आली होती आणि दोन्ही वेळा मी ओढलं होतं. तिसरी हाक आली तेव्हा मी दोर सोडून काठाकडे पळत होतो.