माथ्यावर रिकाम्या हातांनी

आज पिकल्या केसांची एक बाई सायकलवरून घाट चढून आमच्या दारी पाणी प्यायला थांबली. म्हणाली, “ताई, माथ्यावरून धरण कसं दिसतं हो?” मला सांगता येईना. वीस वर्षं मी तिथून मोळी आणते, पण डोक्यावर ओझं असलं की नजर पायांपुढेच राहते. वाट आमच्या पायांनी पडली आणि बघायचं फक्त पाहुण्यांनी?

तिच्यासोबत मीही निघाले. सासूबाई ओरडल्या, “अगं, कोयता विसरलीस!” मी विसरले नव्हते.

वर निळं पाणी डोंगरांच्या कुशीत दूरवर शिरलं होतं. पोटभर बघितलं.

मोळीशिवाय परतले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “मग गेलीस कशाला?”

“बघायला.”

शब्द मी मागे घेतला नाही.