सुतकातला गणपती

माझे बाबा हट्टी होते. संपाआधी तो हट्ट गिरणीत खर्च व्हायचा, संपात तो सगळाच्या सगळा घरी आला. संपाचं दुसरं वर्ष चालू होतं. लालबागच्या आमच्या चाळीतले निम्मे पुरुष गावी निघून गेले होते, उरलेले गॅलरीत बसून एकमेकांना धीर देत होते. आणि माझा काका, बाबांचा सख्खा धाकटा भाऊ, संप मोडून पोलिसांच्या गाडीतून पुन्हा कामावर जाऊ लागला होता.

तोवर काका-काकू आणि त्यांच्या दोन लहान मुली आमच्याच खोलीत राहायचे. बाबांनी त्यांची ट्रंक उचलून गॅलरीत ठेवली. मग चाळीच्या नळाखाली सगळ्यांदेखत, अंगावरच्या कपड्यांनिशी, भावाच्या नावाने अंघोळ केली. माणूस मेल्यावर करतात तशी. शेजाऱ्यांनी त्यांची पाठ थोपटली. काकाने शीवला बिऱ्हाड केलं.

त्या वर्षी गणपतीच्या आठवडाभर आधी काका खरोखरच गेला. कामावरून आला, जेवायला बसला आणि पानावरच कलंडला. बाबा गेले नाहीत. काकाला मुलगा नव्हता, त्यामुळे अग्नी द्यायचा मान थोरल्या भावाचा होता. तो शीवच्या एका शेजाऱ्याने दिला आणि हात जोडून काकूला सांगितलं, पुढचं तुमच्या माणसांना बघू दे.

आमच्याकडे गणपती होता तो माझ्या जन्माच्या नवसाचा, दीड दिवसाचा. मूर्ती आधीच सांगून ठेवलेली. आईने गृहीतच धरलं की यंदा तो बसणार नाही, कारण दहा दिवसांचं सुतक पडलं होतं. बाबांनी मात्र चौरंग धुवायला काढला.

"माका कसला सुतक?" ते म्हणाले. "मी त्याच्या नावान एकदा आंघोळ केलंय."

"सुतक रगताचा असता, रागाचा नाय," आई म्हणाली.

भटजींनीही तेच सांगितलं. सुतकात प्रतिष्ठापना होत नाही, शास्त्रात नाही. पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी. बाबा म्हणाले, नवस मी बोललो, पूजा मीच करीन. आईने एकदाच त्यांना विनवलं, "देवाक आवडता ता करूचा. आपणाक आवडता ता नाय." त्यावर बाबांनी टोपी घातली आणि ते मूर्ती आणायला गेले.

आता वाटतं, त्यांना गणपती हवाच होता असं नाही. सुतक पाळलं असतं तर भाऊ आपला होता हे कबूल करावं लागलं असतं, आणि ते त्यांच्या जिवावर येत होतं. देवाला त्यांनी भावाविरुद्ध साक्षीला बसवलं. मला त्यांचा संताप येत होता आणि तितकीच कीवही. पूजेच्या वेळी आई गॅलरीत जाऊन उभी राहिली. नवस माझा, म्हणून आत जावं की तिच्याबरोबर उभं राहावं, हेही मला कळत नव्हतं. शेवटी मी उंबऱ्यातच उभी राहिले.

आईने मोदक केले नाहीत. बाबांनी दुकानातून पेढे आणले. आरतीला उभे राहिले तेव्हा एका हातात निरांजन, दुसऱ्यात घंटा. टाळ्या वाजवायला कोणी नाही. दोन्ही हात भरलेले आणि खोली रिकामी. दुसरं कडवं विसरले, तर सांगायलाही कोणी नव्हतं. मग ते पेढ्यांचं ताट घेऊन गॅलरीत गेले. पाठ थोपटणारे सगळे तिथेच बसले होते. एकानेही हात पुढे केला नाही.

"तुझ्या भावाचं सुतक आहे रे," एक म्हातारे शेजारी म्हणाले. "कसं घ्यायचं?"

काकाला गद्दार म्हणणाऱ्यांत ते सगळ्यांत पुढे होते.

दुसऱ्या दिवशी काकाचा दहावा. आई पहाटेच निघाली, काकूला घेऊन बाणगंगेला गेली. जाताना दारात थांबून बाबांना म्हणाली, "येतास?" बाबा दूर्वा निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही. थोड्या वेळाने उत्तरपूजेची आरती सुरू झाली, कालच्यापेक्षा मोठ्या आवाजात.

संध्याकाळी ते एकटेच मूर्ती घेऊन दादर चौपाटीला गेले. पाटावर मूठभर वाळू घेऊन परत आले, तेव्हा आई तांदूळ निवडत होती. त्यांनी पाट चौरंगावर ठेवला. मग बाबांनी विचारलं, "पिंड कोणी दिल्यान?"

"तिनाच. काकूनं."

बाबा दचकले. भावाच्या मरणाची बातमी आली तेव्हाही मी त्यांना असं दचकलेलं पाहिलं नव्हतं.

"बाईन? ता शास्त्रात बसणा नाय!"

"नाय बसणा," आई म्हणाली. तिने सुपातून मान वर केली नाही. "ज्यांच्या हातान बसला असता, ते आरती करी होते."